तुझी जपानी बाई

"बाजूला ठेव," ती म्हणायची, मान वर न करता.

यंत्रावरून नुकताच उतरलेला लोखंडी नग तुम्ही तिच्यासमोर धरलात तरी ती तो हातात घ्यायची नाही. लेकराचा ताप बघतात तसा उलटा हात त्याला लावायची आणि म्हणायची, "बाजूला ठेव." मग तो नग मांडणीवर तासभर पडून राहायचा. लोखंड गरम असलं की फुगतं, त्यातलं भोकही मोठं होतं. मापाचा गेज अशा भोकात सरसर जातो आणि नग गार झाला की तोच गेज दाराशी अडतो. म्हणून गरम नग मापायचा नाही. हे शास्त्र मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळलं नव्हतं ते एवढंच, की माझा रजेचा अर्ज ती बाजूला का ठेवते. तो काही यंत्रावरून उतरलेला नव्हता.

आधीच सांगून टाकते, मला ही बाई आवडत नव्हती. तुमच्याही कामाच्या जागी अशी एक असेल. जिचा आवाज जिन्यात ऐकू आला की तोंडातला घास कडू होतो. असेल तर पुढचं तुम्हाला फार समजावून सांगावं लागणार नाही.

बेळगावजवळ मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे, पंपाचे सुटे भाग बनवणारा. मी तपासणी विभागात कंत्राटावर होते आणि ती त्या विभागाची प्रमुख. सगळे तिला मॅडम म्हणत. मीही तोंडावर मॅडमच म्हणायचे; परतीच्या बसमध्ये जे म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती मला कधी नावाने हाक मारत नसे. गुंजीहून येते म्हणून मी 'गुंजीवाली'. ती स्वतः निपाणीची. बेळगावात शहापूरला भावाकडे राहायची, पण बोलायला लागली की निपाणी स्टँडवरच उभी आहे असं वाटायचं.

गावच्या यात्रेला एक दिवस रजा मागितली, तर म्हणाली, "देवी कुठं पळून जात न्हाय. ऐतवारी जाऊन ये." एकदा साडेपाचला, माझी बस फाटकासमोर उभी असताना, तिने मी मापलेल्या नव्वद नगांतले तीन उचलले. तिसऱ्यात गेज अडला. "सगळे परत माप," म्हणाली आणि स्वतःही शेजारी स्टूल ओढून बसली. म्हणजे शिव्या द्यायचीसुद्धा सोय नाही. ती बस गेली, पुढचीही गेली. आणि शाबासकीचं तर नावच नको. पुण्याच्या गिऱ्हाइकाने एकदा आमच्या विभागाचं कौतुक करणारं पत्र पाठवलं. ते वाचून होईपर्यंत मी आशेने उभी राहिले. पत्राची घडी घालत ती म्हणाली, "ह्यात तुझं नाव न्हाय. बघू नको."

या सगळ्यावर पाणी सोडलं असतं, पण माझा कागद तिच्या खणात होता. आमच्याकडे कंत्राटाची दोन वर्षं भरली की विभागप्रमुख शिफारशीचा कागद वर पाठवतो आणि माणूस कायम होतो. माझी दोन वर्षं भरून वर आठ महिने झाले होते. धाकटी बहीण बारावी होऊन घरी बसली होती. मी कायम झाले की बेळगावात खोली घेऊन तिला कॉलेजात घालायची, असं मी तिला तोंडभरून सांगितलं होतं. दर शनिवारी ती दारात उभी राहून विचारायची, "आक्का, कागद गेला काय वर?" मी म्हणायचे, जाईल गं. आणि कागद खणात.

अशात ती जपानी मालिका आली.

तिच्या भाचीने तिच्या मोबाईलवर ती घालून दिली होती. बोलणं जपानी आणि खाली इंग्रजी ओळी. ड्रॉइंगवरचं इंग्रजी मॅडमला तोंडपाठ होतं, पण या ओळी वाचून होईपर्यंत पुढची यायची. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने मोबाईल मापाच्या व्हर्निअरच्या लाकडी पेटीला टेकवून उभा केला आणि मला हाक मारली. "ए गुंजीवाली, हे काय लिवलंय वाच बघू. भराभरा पळतंय." तेव्हापासून जेवणाचा तो अर्धा तासही माझा राहिला नाही. एका हाताने भाकरी मोडायची आणि टोकियोतल्या माणसांचं बोलणं मराठीत करून मॅडमच्या कानात घालायचं.

मालिकेत एक ऑफिस होतं आणि त्यात एक पस्तिशीची बाई, कामात मुरलेली. तिच्यावर नवा साहेब येतो, आणि तो निघतो तिचा जुना प्रियकर. तो तिच्याकडून दिवसभर काम पिळून घेतो. हे आज संध्याकाळी पाहिजे, ते उद्या सकाळी पाहिजे. ती कमरेत वाकून हो म्हणते, जिन्यात जाऊन डब्यातली कॉफी पिते आणि परत येऊन बसते. बस्स. कुणी ओरडत नाही, कुणी कुणाच्या थोबाडीत देत नाही. मला तर झोप यायची. मॅडम मात्र डोळ्याची पापणी लवू न देता बघायची. "एवढं काय वाकत्यात गं? कंबर दुखत न्हाय व्हय?" किंवा, "हिला डबा कोण देतंय? घरचं कोण दिसत न्हाय." आणि बघता बघता माझ्या डब्यातली फणसाची भाजी न विचारता उचलायची.

एवढ्या कडक बाईला ही असली मालिका कशाला हवी, असं तुम्हाला वाटेल. आमच्या कारखान्यात ते कुणाला वाटत नव्हतं. आमचे उत्पादनाचे साहेब आणि मॅडम वीस वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात शिकाऊ म्हणून लागले होते. तो बेळगावातल्या कानडी घरचा, ही निपाणीच्या मराठी घरची. दोघं एका डब्यात जेवायची, असं जुने कामगार सांगत. लग्न ठरत आलं होतं. मग दोन्ही घरांनी पाय आपटले. हिने आपल्या घरी भांडण मांडलं. त्याने आपल्या घरी तोंड उघडलं नाही आणि वर्षभरात धारवाडकडची मुलगी करून मोकळा झाला. ही राहिली तशीच. आता साहेब माल काढायला बसलेले आणि मॅडम तो अडवायला, मध्ये एक काच.

दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत. साहेब चार हातांवर उभे असले तरी मॅडम मला म्हणायची, "त्यास्नी सांग, नग अजून गार व्हायचेत." साहेब माझ्याकडे बघून म्हणायचे, "मॅडमना सांग, ट्रक उभा आहे." त्यावर मॅडम, "ट्रकला सांग, बस म्हणावं." मी मध्ये उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे मान हलवायची. ती माल अडवते तो वीस वर्षांचा सूड आहे, असं सगळा कारखाना म्हणायचा. मलाही तेच वाटायचं. आणि सूडात माझ्यासारख्या चिल्लर माणसांचे कागदही अडकतात, हेही वाटायचं.

एका मंगळवारी सकाळी मी धीर करून विचारलं, "मॅडम, माझ्या कागदाचं…"

"बाजूला हाय," ती म्हणाली.

दुपारी मालिकेतली बाई मैत्रिणीला सांगत होती, "मी ठीक आहे. कामाची सवय झाली आहे." खाली तसंच लिहिलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "ती म्हणते, मला कुणाचं बरं झालेलं बघवत नाही."

मॅडमचा भाकरीचा हात थांबला. नजर मोबाईलवरच होती. "असं म्हणाली ती?"

"व्हय."

"हं. पुढं वाच."

काय सांगू तुम्हाला, पावणेतीन वर्षांत एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. मग मी सुटलेच. जपानी बाई म्हणायची, "अहवाल उद्या देते." मी वाचायची, "ज्याने मला सोडलं त्याच्यावरचा राग मी हाताखालच्या पोरींवर काढते." ती खिडकीबाहेर बघत म्हणायची, "पाऊस थांबला वाटतं." मी वाचायची, "दुसऱ्याच्या पोटावर पाय दिल्याशिवाय मला जेवण जात नाही." विभागातल्या दोन पोरींना याचा सुगावा लागला. त्या डबे घेऊन आमच्याजवळ येऊन बसायला लागल्या आणि ओढणी तोंडात कोंबून हसायच्या.

मॅडम सगळं ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "लई वाईट हाय की गं ही तुझी जपानी बाई."

"लईच, मॅडम."

"पण काम चोख करत्ये," ती म्हणाली आणि माझ्या डब्यातलं लोणचं घेतलं.

मालिकेचा एकच भाग उरला होता, तेव्हा मॅडमच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती दोन दिवस निपाणीला गेली. ती गेली त्याच दिवशी पुण्याचा माल जायचा होता. दुपारी साहेब काचेचं दार उघडून आत आले. मॅडम असताना ते कधी आत येत नसत.

"आक्का," म्हणाले. मला आक्का! "ट्रक उभा आहे बघ. तू मापून सही कर की. गार व्हायला ठेवत बसलीस तर आज जात नाही. तुझा कागद मी स्वतः वर नेतो. आयतु?"

मीही त्यांच्याच कानडीत म्हटलं, आयतु, ठरलं.

नग मांडणीवर न ठेवता थेट टेबलावर घेतले. गेज एकामागून एक सरसर आत जात होता. हाताला ऊब लागत होती. ती मला कळत नव्हती, असं मी म्हणणार नाही. मला दारात उभी असलेली बहीण दिसत होती. मी सही केली आणि चार वाजता ट्रक गेला.

प्रत्येक मालातले दोन नग आमच्याकडे नमुना म्हणून राहतात. तिसऱ्या दिवशी मॅडम आली, पर्स अजून खांद्याला होती, आणि तिने नमुन्यातला एक नग उचलला. उलटा हात लावला. गेज घातला. गेला नाही. दुसऱ्यात घातला. तिथेही अडला.

"गरम मापलंस," ती म्हणाली.

"साहेबांनी सांगितलं, ट्रक…"

"त्यांचं इचारलं न्हाय मी. तुला कळत हुतं का न्हाय?"

"कळत होतं."

तिने नग जिथल्या तिथे ठेवले, फोन उचलला आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला स्वतःच सांगितलं, की आमचा माल पंपात बसवू नका, परत पाठवा. त्यांना अजून काही कळलंही नव्हतं. गप्प बसली असती तर महिनाभर निघालाही असता. संध्याकाळपर्यंत कारखान्यात आग लागल्यासारखा गोंधळ उडाला. मोठ्या साहेबांच्या खोलीत मॅडमला, उत्पादनाच्या साहेबांना आणि सही माझी म्हणून मला बोलावलं. कागद तर गेलाच, आता कंत्राटही जाणार, हे ठरलेलंच होतं.

उत्पादनाचे साहेब म्हणाले, "तपासणीची सही होती, सर. मी माल पाठवला. मला कसं कळणार?" आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

मॅडम म्हणाली, "सेक्शन माझं हाय. चूक माझी. पोरीचं नाव कुठंबी घालायचं न्हाय."

साहेब पुढे काही बोलायला गेले. तेव्हा ती वळली आणि मी पहिल्यांदाच तिला त्यांच्याकडे सरळ बघताना पाहिलं. "तू गप्प बस," ती म्हणाली. "तवा गप्प बसलतास. आता बी गप्प बस."

साहेबांनी मान खाली घातली ती बैठक संपेपर्यंत वर केली नाही.

बाहेर आल्यावर मी रडत रडत तिचे आभार मानायला गेले. ती म्हणाली, "तुझी कीव आली म्हणून न्हाय. एवढी मोठी न्हाईस तू. जा, तोंड धू." आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ती पूर्वीपेक्षा जास्त आवडेनाशी झाली. एखाद्याने तुम्हाला वाचवावं आणि आभारसुद्धा मानू देऊ नयेत, याला काय म्हणायचं?

महिन्याच्या शेवटी तिने काम सोडलं. तिला काढलं की ती गेली, हे अजून कुणी नीट सांगत नाही. आई निपाणीला एकटी असते, एवढं तिने सांगितलं. शेवटच्या दिवशी सुट्टीची घंटा झाली आणि तिने नेहमीसारखा मोबाईल पेटीला टेकवून उभा केला. "ए गुंजीवाली. शेवटचा ऱ्हायलाय."

त्या दिवशी मी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. जिन्यात दोघं समोरासमोर येतात. तो म्हणतो, "त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मला माफ कर." ती खूप वेळ वाकून उभी राहते आणि म्हणते, "तुम्हालाही त्रास झाला असेल." मी जसंच्या तसं वाचलं.

मॅडमने मालिका थांबवली. "आज खरं वाचत्येस काय?"

माझ्या हातातला घास डब्यात पडला.

"ऐतवारी घरी भाची वाचायची हेच सगळं," ती म्हणाली. "तिची बाई नुसती माफ करा, माफ करा करत्ये. ऐकून ऐकून कटाळा आला. तुझ्या बाईला तोंड तरी हुतं."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत, मॅडम?"

"काय बोलायचं? मला तुझीच बरी वाटायची." तिने माझ्या डब्यातली भाकरी मोडून घेतली. "ह्या शेवटाचं बी तुझं सांग. काय म्हणाली अस्ती ती?"

मी पडद्यावर बघितलं. ती बाई अजून वाकलेलीच होती. मी म्हटलं, "ती म्हणते, तवा गप्प बसलतास. आता बी गप्प बस."

मॅडम हसली. एवढ्या वर्षांत मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल, सुट्टी संपली."

दहा दिवसांनी मला वर बोलावलं. मी कायम झाले होते. साहेबांनी काही केलं असेल असं मला वाटलं, म्हणून मी कागद बघायला मागितला. शिफारस तिच्याच अक्षरात होती. खाली तारीख होती ती ज्या दिवशी ती निपाणीहून परत आली आणि तिने नमुन्याचा नग हातात घेतला, त्या दिवसाची. अभिप्रायाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, "गरम माल मापून बसली आहे. आता पुन्हा मापणार नाही. कायम करावे."

बहीण आता बेळगावात माझ्याजवळ राहते, कॉलेजात जाते. मॅडमला मी चार वेळा फोन केला. तिने उचलला नाही. म्हणून ती आता मला आवडायला लागली, असं काही समजू नका. तो कागद तिने आठ महिने आधी पाठवला असता, तर मी गरम नग मापलेच नसते, असं मला अजून वाटतं, आणि ते आठवलं की आजही डोकं फिरतं. पण मग वाटतं, मापले असते. आज ना उद्या मापलेच असते.

परवा साहेब यंत्रावरचा एक नग घेऊन काचेशी आले. वरच्या मजल्यावर बसणाऱ्या नव्या प्रमुखांना मापाची फार फिकीर नसते आणि माल अडवायचीही हौस नाही, त्यामुळे हल्ली ट्रक वेळेवर जातात. साहेबांनी दार उघडलं, मला बघितलं आणि सवयीने म्हणाले, "मॅडमना सांग…" मग थांबले. नग माझ्या हातात दिला नाही. मॅडमच्या रिकाम्या टेबलावर ठेवला आणि निघून गेले.

त्या मालिकेचा आता नवा सीझन आला आहे. मोबाईल आता माझा असतो, पण टेकवते त्याच पेटीला. विभागात एक नवी पोरगी लागली आहे, काकतीची. ती माझ्या शेजारी बसून जेवते. काल पडद्यावर ती जपानी बाई नव्या साहेबासमोर वाकली आणि म्हणाली, "आपल्याला त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी." मी मोठ्याने वाचलं, "नग गार झाल्याशिवाय मी कुणाच्या बापाला सही देणार नाही."

पोरीने डब्यातून मान वर काढली. "असं लिवलंय व्हय तिथं?"

"व्हय," मी म्हटलं.